तोंड कुठे, पोट कुठे: बिनकण्याच्या प्राण्यांचं पचन घरच्या घरी आणि किनाऱ्यावर कसं पाहावं

गोव्यातल्या हरमलच्या खडकांवर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी अकरावीची मुलं घेऊन गेलो होतो. एका कपारीत नारिंगी स्पंजाचा थर चिकटलेला होता. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने वाकून पाहिलं आणि विचारलं, "सर, ताका तोंड खंय?" मी म्हटलं, तोंड नाही. "मागीर तो जेवता कसो?" म्हटलं, पोटही नाही. मी थट्टा करतोय असं समजून तो हसला आणि पुढे गेला.

त्याच मुलाला वर्गात स्पंजापासून तारामाशापर्यंतचा तक्ता तोंडपाठ होता. तक्त्याची खोड अशी की तो जिन्यासारखा वाचला जातो. खाली साधे प्राणी, वर प्रगत प्राणी, आणि पायरीगणिक पचनसंस्था सुधारत गेली असा समज होतो. प्रत्यक्षात तसं नाही. तिसरी ही शिंपली मृदुकाय, म्हणजे जिन्यावर बरीच वर, तरी तिचं बरंचसं पचन स्पंजासारखं पेशींच्या आतच चालतं. पट्टकृमी स्पंजाच्या वर बसतो, पण त्याला आतडंच नाही; पूर्वजांना होतं, त्याने ते सोडून दिलं. पोट कसं असेल ते संघाच्या, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटाच्या, हुद्द्यावर कमी आणि ताटात काय पडतं यावर जास्त ठरतं. हे पटायला तक्ता बाजूला ठेवून प्राणीच पाहावे लागतात. सुदैवाने गोव्यात त्यातले निम्मे बाजारात मिळतात आणि उरलेले किनाऱ्यावर किंवा परसात.

आधी तीन प्रश्न आणि थोडं सामान

कुठलाही प्राणी समोर आला की वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची.

पहिला: अन्न फुटतं कुठे? पेशीच्या आत, पोटाच्या पोकळीत, की शरीराच्या बाहेरच? दुसरा: दारं किती? एक, दोन, की एकही नाही? तिसरा: दळण कोण दळतं? स्वतःचे दात, गिळलेली माती, की पोटात ठेवलेले भाडेकरू जीव?

सामानात १० पट मोठं दाखवणारं भिंग हवं, तेवढा एक खर्च करा. बाकी सगळं घरातलं: स्टीलचं जुनं ताट, पांढरी बशी, छोटी कात्री, चिमटा, औषधाचा ड्रॉपर, खाण्याचा रंग, बेटाडीनची (आयोडीनच्या औषधाची) बाटली आणि मोबाईल. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरलं की चांगले फोटो येतात.

एक नियम मी मुलांना आधीच सांगतो. पाहण्यासाठी म्हणून काही मारायचं नाही. बाजारातून आलेलं मेलेलंच असतं, ते चिरा. जिवंत प्राणी जिथे आहे तिथेच पाहा. उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात वाळतात. समुद्रकाकडी आणि प्रवाळ यांना कायद्याचं संरक्षण आहे. ते हौसेखातर उचलणं हा गुन्हा आहे.

पहिली पायरी: सुंगटाचं डोकं फेकू नका

सुरुवात सुंगटापासून, म्हणजे कोळंबीपासून, करावी, कारण त्यात सगळं एका नजरेत दिसतं. जरा मोठी सुंगटं डोक्यासकट आणा. पाठीवरून उभी चीर दिली की जो काळा दोरा निघतो, त्याला कोणी शीर म्हणतं, कोणी नस. ती रक्तवाहिनी नव्हे, ते आतडं आहे. दोरा काळा दिसला तर सुंगट चिखलावर चरून आलं आहे. पारदर्शक आणि रिकामा असला तर त्याने बराच वेळ काही खाल्लेलं नाही. कोळंबीची तळी राखणारे शेतकरी हाच दोरा पाहून खाद्य पुरतं की नाही ते ठरवतात.

आता डोक्यावरचं कवच उचला. पुढे एक लहानशी पिशवी दिसेल, ते जठर. तिच्या मागे पिवळट-तपकिरी मऊ गोळा असतो, ती पचनग्रंथी. आपलं यकृत, स्वादुपिंड आणि आतडं जी कामं वेगवेगळी करतात ती इथे एकाच ग्रंथीत होतात: विकरं (अन्न फोडणारी द्रव्यं, एन्झाइम) तयार करणं, पचलेलं शोषणं आणि चरबी साठवणं. डोकं चोखणाऱ्यांना जी चव लागते ती हिचीच. मासळी बर्फाशिवाय पडून राहिली की सुंगट डोक्याच्या बाजूने आधी मऊ पडतं, त्यालाही हीच कारण. प्राणी मेला तरी विकरांचं काम थांबत नाही. ती ग्रंथीतून बाहेर झिरपतात आणि शेजारचं मांस पचवायला घेतात. म्हणून सुंगटं लगेच रांधायची नसतील तर डोकी काढून ठेवा.

हेच विकर डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी लागते पेज.

उकड्या तांदळाची पेज गाळून घ्या. एक चमचा पेजेत अर्धा कप पाणी घालून ती पूर्ण गार होऊ द्या. चार-पाच ताज्या डोक्यांतला पिवळा गोळा दोन चमचे थंड पाण्यात कुस्करा आणि फडक्यातून गाळा. या रसाचे दोन भाग करा. एक भाग पाच मिनिटं उकळून गार करा, दुसरा तसाच ठेवा. आता तीन वाट्यांत सारखी पेज घ्या. पहिल्या वाटीत साधं पाणी, दुसरीत कच्चा रस, तिसरीत उकळलेला रस, प्रत्येकी एक चमचा. अर्धा तास थांबा. मग चमचाभर पाण्यात बेटाडीनचा एक थेंब मिसळा, पांढऱ्या बशीत त्याचे तीन वेगळे थेंब ठेवा आणि प्रत्येकात एकेका वाटीतली पेज टाका. पहिली आणि तिसरी निळी-काळी व्हायला हवी. दुसरी फिकी किंवा पिवळट राहिली तर तिच्यातला स्टार्च फुटला.

तिसरी वाटी वगळू नका. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा दोनच वाट्या ठेवल्या होत्या, आणि एका मुलीने विचारलं की रसातल्या कुठल्या तरी दुसऱ्याच गोष्टीने आयोडीनचा रंग खाल्ला नसेल कशावरून? तिचं बरोबर होतं. मांसाच्या रसात आयोडीनचा रंग घालवणारे पदार्थ असू शकतात. उकळल्यावर विकर निकामी होतं, बाकीचं बरंचसं राहतं. म्हणून उकळलेल्या रसाने रंग घालवला नाही आणि कच्च्याने घालवला, तरच श्रेय विकराला द्यायचं. बर्फातली सुंगटं चालतात, शिजवलेली मुळीच नाहीत. पेज गरम असली तरीही प्रयोग फसतो.

कुर्लीच्या डोळ्यांमागची चक्की

कुर्ल्या, म्हणजे खेकडे, साफ करताना वरचं कवच उघडलं की डोळ्यांच्या लगेच मागे पातळ, पारदर्शक पिशवी दिसते. बहुतेक घरांत ती कचऱ्यात जाते. ती कात्रीने उघडून नळाखाली हलक्या हाताने धुवा आणि भिंगाखाली धरा. आत तीन दात असतात: मधोमध वरून खाली येणारा एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, त्यावर आडव्या कडा. पोटात दात! स्नायू ओढले की तिन्ही एकमेकांवर घासतात. याला जठरचक्की म्हणतात. नांग्या फोडतात, तोंडाजवळचे अवयव तुकडे करतात, पण खरं दळण इथे होतं. चक्कीच्या मागे केसांची गाळणी असते. पुरेसं बारीक झाल्याशिवाय काही पचनग्रंथीत जात नाही.

या पिशवीचं अस्तर कवचाच्याच द्रव्याचं असतं. त्यामुळे कुर्ली कात टाकते तेव्हा जठराचं अस्तर आणि दातही टाकून देते आणि नवे बनवते. कात टाकण्याआधी पचनग्रंथीत भरपूर साठा असतो, टाकल्यावर तो संपलेला असतो. बाजारात "भरलेली" आणि "पोकळ" कुर्ली म्हणतात त्यामागे मुख्यतः हे चक्र आहे. अमावास्येची कुर्ली भरलेली असते असं आमच्याकडे ठामपणे सांगतात. मी भांडत नाही. पण विकत घेताना तिथी पाहण्यापेक्षा कुर्ली हातात घेऊन वजन पाहावं हे बरं.

तिसऱ्या: फिरणारी काचेची काडी

इथे थोडं थांबा, कारण मला विचाराल तर या सगळ्या यादीतलं सर्वांत चमत्कारिक यंत्र तिसरीत आहे.

जिवंत तिसऱ्या आणा. काचेच्या दोन ग्लासांत जिथून तिसऱ्या आल्या तिथलं, म्हणजे खाडीचं, गढूळ पाणी घ्या. एकात सात-आठ तिसऱ्या ठेवा, दुसऱ्यात नुसतं पाणी. नुसत्या पाण्यातही गाळ थोडा खाली बसतोच, तुलना त्याच्याशी करायची. तिसऱ्या उघडल्या तर तास-दोन तासांत फरक दिसतो. उघडलेल्या तिसरीच्या दोन नळ्या बाहेर येतात. एकीजवळ ड्रॉपरने खाण्याच्या रंगाचा थेंब हळूच सोडा. तो आत ओढला जातो आणि थोड्या वेळाने दुसऱ्या नळीतून बाहेर पडतो. ग्लास हलवू नका, नाहीतर ती बंद होऊन बसते.

आत काय चाललंय? कल्ले इथे श्वासापुरते नाहीत, ती गाळणी आहे. त्यावरच्या सूक्ष्म रोमांनी कण अडकवले जातात, चिकट बुळबुळीत द्रवात गुंडाळले जातात आणि तोंडाजवळच्या पाळ्यांपर्यंत पोचतात. तिथे निवड होते. नको असलेली वाळू न गिळताच बाहेर टाकली जाते. रांधण्याआधी आपण तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवतो तेव्हा तळाला जी रेती बसते, त्यात ही टाकलेली रेतीही असते आणि खरी विष्ठाही.

जे निवडलं जातं ते धाग्यासारखं जठरात ओढलं जातं, आणि ओढणारी असते एक पारदर्शक, जेलीसारखी काडी. जीवशास्त्रात तिला स्फटिकशलाका म्हणतात. रोमांच्या हालचालीने ती आपल्याभोवती फिरत राहते, तिचं टोक जठराच्या कठीण ढालीवर घासतं आणि झिजतं. काडीत स्टार्च फोडणारं विकर असल्यामुळे झिजता झिजता ती विकर सोडत जाते. एकाच वस्तूत मुसळ, रहाट आणि औषधाची गोळी. बारीक झालेले कण मग पचनग्रंथीच्या पेशी थेट आत घेतात आणि पुढचं पचन पेशीच्या आत होतं, अगदी त्या नारिंगी स्पंजासारखं.

काडी पाहायची तर पाण्यातून नुकतीच काढलेली तिसरी किंवा शिनाणी (खडकावरची शिंपली) हवी. पाण्याबाहेर काही तास पडलेल्या शिंपल्यात काडी बहुतेक विरघळून गेलेली असते, म्हणून बाजारातल्या मालात शोधून बऱ्याच वेळा निराशा होते. शिंपला उघडून जठराच्या भागात हळूच चीर द्या. लांबट काचेच्या सुईसारखं काही सटकलं तर तीच. पेजेच्या प्रयोगात ती घालून पाहा. आणि प्रयोगात रंग लागलेल्या तिसऱ्या खाऊ नका. शिवाय समुद्राचं पाणी विचित्र रंगाचं झालेलं असताना शिंपले टाळावेत. गाळून खाणाऱ्या प्राण्यात सूक्ष्म शैवालांची विषं साठतात आणि त्यातली काही उकळूनही जात नाहीत.

माणकी: मेंदूतून जाणारा घास

माणकी, म्हणजे स्क्विड, चिरताना दोन गोष्टी पाहा. बाहूंच्या मधोमध पोपटासारखी चोच असते, ती दाबली की बाहेर येते. तिच्या आत बारीक दातांची पट्टी असते, रॅड्युला. नखाने चाचपली तर कानसासारखी लागते. चोचीतून निघालेली अन्ननलिका मेंदूच्या कड्यातून जाते. मोठा घास गिळणं परवडणारं नाही, म्हणून माणकी मासोळीचे लहान लहान लचके तोडून खाते. पुढचं सगळं वेगात: मोठी पचनग्रंथी, जठर, आंधळी पिशवी. जेवण काही तासांत उरकतं, कारण दिवसभर पोहणाऱ्या शिकाऱ्याला भरल्या पोटाने फिरणं परवडत नाही. तिसरी आणि माणकी एकाच संघातल्या, पण एक बसून गाळणारी आणि दुसरी पळून पकडणारी. पोटं पाहिली तर नातं ओळखू येणार नाही.

शाईची चंदेरी पिशवी आतड्याच्या शेवटच्या भागात उघडते. ती फोडू नका. शाळेत दाखवायला घेऊन गेलो त्या दिवशी मी पांढरा शर्ट घातला होता, एवढंच सांगतो.

दुसरी पायरी: सुकतीला खडकांवर

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस निवडा. तेव्हा पाणी सर्वांत खाली जातं आणि आपल्या किनाऱ्यावर ही मोठी सुकती साधारण पहाटे आणि संध्याकाळी येते. भरती-ओहोटीचा तक्ता पाहून, सर्वांत कमी पाण्याच्या वेळेआधी तासभर पोचा आणि पाणी वळलं की निघा. पावसाळ्यात जाऊ नका. हरमल, वागातोर, हणजुणे इथले खडक सोयीचे आहेत. रबरी तळ असलेल्या चपला हव्यात.

स्पंज पाण्यात बुडालेला असेल तर त्याच्या पृष्ठभागाजवळ रंगाचा थेंब सोडून मोठ्या छिद्राकडे लक्ष ठेवा. पाणी असंख्य बारीक रंध्रांतून आत जातं, आतल्या कॉलर पेशी आपल्या शेपटीने ते हलवतात, कॉलरवर अडकलेले जीवाणू आणि कण गिळतात आणि फिरत्या पेशींच्या हाती देतात. रंग मोठ्या छिद्रातून निघताना दिसला तर नशीब. मला तीनातून एकदा दिसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं: तोंडं हजारो आहेत, आणि पोट प्रत्येक पेशीत.

समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, सुकतीला मिटून बुळबुळीत गोळ्यासारखं बसतं. डबक्यातलं उघडं शोधा. चिमट्याने सुंगटाचा मोहरीएवढा तुकडा त्याच्या बाहूंना लावा. बाहू वळतात आणि तुकडा मधल्या तोंडाकडे सरकतो. आतली पोकळी म्हणजे एकदाराची खोली. भिंतीवरून सोडलेली विकरं घास अर्धवट फोडतात, मग भिंतीच्या पेशी तुकडे आत घेऊन उरलेलं काम करतात. कचरा त्याच दाराने बाहेर. एक दार असण्याचा तोटा मुलांना सांगावा लागत नाही, चेहरेच वाकडे होतात. खरी अडचण वेगळीच: आधीचं जेवण संपल्याशिवाय पुढचं नीट सुरू करता येत नाही. दोन दारांचं आतडं म्हणजे चालू पट्टा. इकडून घालत राहा, तिकडून काढत राहा.

हणजुणेच्या खडकांवर लहान फुलांच्या गालिच्यासारख्या झोअँथिडच्या वसाहती दिसतात. त्यांना हात लावू नका, काही जातींत तीव्र विष असतं. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे वाहून येतात, त्या ब्लूबॉटलनाही नाही, मेलेल्या असल्या तरी. ती एका जिवाची नव्हे, वसाहतीची कहाणी आहे: पकडणारे वेगळे, जेवणारे वेगळे. जेवणाऱ्यांची तोंडं माशावर पसरून त्याला जागीच विरघळवतात.

खडकाला टोपीसारखी चिकटलेली गोगलगाय दिसेल, लिंपेट. तिच्या भोवती हिरव्या शेवाळावर नागमोडी खरवडल्याच्या खुणा शोधा. तिची दंतपट्टी खडकावर किसणीसारखी फिरते आणि दातांत गोएथाइट हे लोहखनिज असतं. पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे दात मोजले तेव्हा तोवर माहीत असलेल्या सगळ्या जैविक पदार्थांत ते सर्वांत मजबूत ठरले. दात झिजतात, मागून नवी ओळ पुढे सरकते.

आता वाळूवर चला. मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर रिकामे शिंपले गोळा करा, शंभरेक, आणि ज्यांना गोल भोक आहे ते बाजूला काढा. मुलांना वाटतं हे माळ ओवायला कोणीतरी पाडलं. भोक भिंगाखाली पाहा. बाहेरून रुंद, आत निमुळतं, स्क्रूच्या खाचेसारखं असेल तर ते वाळूत राहणाऱ्या नॅटिका गोगलगायीचं. सरळ नळीसारखं असेल तर म्यूरेक्सच्या कुळातल्या एखादीचं. दोघी आम्लयुक्त स्राव लावून कवच मऊ करतात, दंतपट्टीने खरवडतात, पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. आरपार झालं की आतलं मांस ओरबाडून खातात. भोक असलेले किती, कुठल्या बाजूला, किती मिलिमीटर, हे लिहून काढा. अकरावीच्या प्रकल्पाला एवढं पुरतं.

त्याच वाळूवर बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या बारीक गोळ्या दिसतात. सगळे म्हणतात ती खेकड्याची विष्ठा. ती विष्ठा नाही. चिमुकला खेकडा वाळू तोंडाशी घेतो, कणांवरचं सूक्ष्म अन्न चाळून घेतो आणि स्वच्छ वाळूचा गोळा खाली ठेवतो. म्हणजे वाळू पोटात गेलीच नाही. चिखलाच्या पट्ट्यात मात्र वेटोळ्या दोऱ्यांसारखे ढीग दिसतात, ते माती गिळणाऱ्या कृमींच्या आतड्यातून आलेले. एकाने दारातच निवडलं, दुसऱ्याने सगळं आत घेऊन नंतर निवडलं.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, तारामासा आला तर रापणकारांकडून पाहायला मागा. पुस्तकात तारामासा पोट बाहेर काढून शिंपल्यात घालतो आणि मृदुकायाला त्याच्याच घरात पचवतो असं असतं, आणि पुष्कळ जातींत ते खरं आहे. पण वाळूतला टोकदार हातांचा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन तसं करत नाही. त्याच्या नळीपायांना चोषक नाहीत, तो शिंपले अख्खे गिळतो, आणि मागचं दार नसल्यामुळे रिकामी टरफलं तोंडातूनच बाहेर टाकतो. एका संघाला एक पद्धत चिकटवली की अशी फजिती होते.

तिसरी पायरी: घर आणि परस

मुंग्यांपासून सुरू करा. ओट्यावर येणारी, काळ्या डोक्याची आणि फिकट पोटाची बारीक मुंगी यासाठीच जन्मली आहे. साखरपाण्यात खाण्याचा लाल किंवा हिरवा रंग गडद मिसळा आणि एक थेंब प्लास्टिकवर ठेवा. काही मिनिटांत प्यायलेल्यांची पोटं रंगीत दिसतात. हा रंग ज्या पिशवीत आहे ते तिचं सार्वजनिक कोठार. त्यातलं ती वारुळात इतरांना तोंडाने भरवते. तिचं स्वतःचं जठर मागे आहे आणि मध्ये झडप. झडपेपलीकडे जाईल तेवढंच तिचं.

झुरळात हीच मांडणी, वर दळण. मोठी साठवणीची पिशवी आणि तिच्यामागे सहा कायटिनी दातांची पेषणी. मेलेलं झुरळ हाताळायला धीर होत असेल तर पाहा, माझ्या घरी परवानगी नाही.

गांडूळ ओल्या काचेवर ठेवून खालून मोबाईलचा टॉर्च लावा, बारीक गांडुळात आतड्याची गडद रेघ दिसते. पाठ्यपुस्तकातल्या फेरेटिमा या गांडुळात पेषणी ८व्या खंडाच्या आसपास असते. तिला दात नाहीत, गिळलेल्या वाळूच्या कणांनीच दळण होतं. २६व्या खंडानंतर आतड्याच्या छतावरून एक घडी आत लोंबते, तिला टिफ्लोसोल म्हणतात. त्यामुळे शोषणाची जागा वाढते. मातीत अन्न विरळ असतं, म्हणून आतड्याची जागा वाढवणं फायद्याचं.

जळू उलट टोकाला. तिला क्वचितच जेवण मिळतं, पण मिळतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट. गुरांच्या जळूच्या साठवणीच्या पिशवीला १० कप्पे, प्रत्येकाला दोन फुगे. रक्त तिथे महिनोन्‌महिने राहतं आणि अत्यंत सावकाश पचतं. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. मोलेच्या किंवा नेत्रावळीच्या जंगलात पावसात गेलात आणि जळू चिकटली तर मीठ, तंबाखू, काडेपेटी काही वापरू नका. बिथरलेली जळू पोटातलं जखमेत ओकू शकते, आणि तिच्या पोटात जीवाणू राहतात. तोंडाकडच्या टोकाजवळ नख आडवं सरकवून पकड सोडवा, मग जखम साबणाने धुवा. रक्त थोडा वेळ वाहत राहील, तो तिच्या लाळेतल्या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा परिणाम.

कोळ्याचं पोट पाहायचं नाही, उष्टं पाहायचं. जाळ्याखाली किंवा फुलाजवळ पडलेले कीटक उचला. कोळी भक्ष्यावर विकरं ओतून त्याचा रस करतो आणि शोषक जठराने ओढून घेतो. खाण्याआधी पचन, आपल्या उलट. फुलांवर दबा धरणारे खेकडा-कोळी भक्ष्य चावून चुरत नाहीत, म्हणून त्यांची उष्टी माशी अखंड दिसते, पण फुंकर मारली की उडते. जाळं विणणारे बरेच कोळी चावून चावून गोळा करतात.

वहीची मांडणी

आतापर्यंत पंधरा-वीस प्राणी झाले असतील. त्यांची पानं संघानुसार लावू नका. तीन प्रश्नांनुसार लावा. आमच्या वर्गात जमिनीवर खडूने तीन वर्तुळं काढतो आणि मुलं चिठ्ठ्या ठेवतात. पहिल्या प्रश्नाला तिसरी स्पंजाशेजारी जाते, कोळी आणि ब्लूबॉटल एकत्र येतात. दुसऱ्या प्रश्नाला अ‍ॅस्ट्रोपेक्टेन समुद्रफुलाशेजारी बसतो. पट्टकृमीला जागा सापडत नाही. तो दुसऱ्याच्या पचलेल्या अन्नात पोहतो आणि त्वचेतून शोषतो. दारं शून्य. खडूची भांडणं अर्धा तास चालतात आणि शिकणं तिथेच होतं असा माझा अनुभव आहे.

शेवटची पायरी: वाळवी

तिसऱ्या प्रश्नासाठी वाळवीसारखं उदाहरण नाही. जुन्या कपाटाखाली किंवा खिडकीच्या चौकटीखाली भुसा पडत असेल तर चिमूटभर कागदावर घ्या आणि भिंगाखाली धरा. पिठासारखा असेल तर भुंग्याच्या अळीचं काम. दाणे असतील आणि प्रत्येकाला सहा बाजू असतील, तर कोरड्या लाकडातली वाळवी. ही तिची विष्ठा. आतड्याच्या शेवटी पाणी पिळून काढताना दाण्याला हा आकार येतो, कारण लाकडाच्या आत राहणाऱ्या किड्याला पाण्याचा थेंबही वाया घालवून चालत नाही. लाकूड पचवायला तिच्या आतड्यात एकपेशीय भाडेकरू असतात. कात टाकताना ते निघून जातात आणि सोबतिणींच्या मागच्या दारातून पुन्हा मिळवावे लागतात. एकट्या राहिलेल्या वाळवीचं पोट चालत नाही.

रोयणीतली, म्हणजे वारुळातली, वाळवी निराळी. गोव्यात रोयण म्हणजे सातेरी देवी, कुळागरात (पोफळीच्या बागेत) ती कोणी फोडत नाही, म्हणून तिथे पाहायला उत्तम. या वाळवीने भाडेकरू पोटाबाहेर ठेवले आहेत. कामकरी पाने-लाकूड चावून गिळतात, ते आतड्यातून घाईने जाऊ देतात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेची जाळीदार पोळी रचतात. पोळीवर टर्मिटोमायसीस ही बुरशी वाढते, लाकडातलं न पचणारं द्रव्य फोडते, आणि मग वाळवी पोळी आणि बुरशीचे पांढरे मणी खाते. जठराचं अर्धं काम मातीखालच्या खोलीत होतं.

पावसाच्या सुरुवातीच्या आठवड्यांनंतर याच बुरशीच्या छत्र्या वर येतात, त्या आपल्या अळमी. बाजारात पानात गुंडाळून, नग मोजून मिळतात आणि भाव ऐकून माणूस मागे सरकतो. अभयारण्यातून काढू नका आणि गावातल्या जाणकाराने ओळखल्याशिवाय रानातलं कुठलंच अळंबं खाऊ नका. स्वतःच्या परसात आली तर एक देठ हळूहळू, माती मोकळी करत खाली उकरत जा. देठ निमुळता होत मुळासारखा खोल जातो. तो जिथे संपतो तिथे वाळवीची पोळी असते. तिथवर पोचलात तर फोटो काढा आणि माती परत लोटा.